बाराच्या आत

“भन्तेजी, बाकीचे सगळे जेवताहेत, मग तुम्हीच का रुसून बसलात?”

विचारलं एकदाचं तिने! दाराआड मैत्रिणी तोंड दाबून खिदळत होत्या. ‘विचारून दाखव, तर मानू,’ म्हणाल्या होत्या ना?

देशोदेशींच्या भिक्षूंची परिषद होती आणि जेवणाचं काम तिच्या आईबाबांकडे. लांबलचक टेबलावर सगळं मांडलेलं, ज्याने त्याने वाढून घ्यायचं. तांबड्या वस्त्रांतले भिक्षू आणि करड्या वस्त्रांतल्या भिक्षुणी वाढून घेऊन बसल्याही होत्या. भगव्या वस्त्रांतले वीस जण मात्र रिकामी पात्रं मांडीवर घेऊन ढिम्म!

“मीठ चुकलं बहुतेक,” बाबा तिसऱ्यांदा म्हणाले. तोंड एवढंसं झालं होतं त्यांचं.

“न चाखताच कळलं होय त्यांना?” आई म्हणाली. पण घाम तिलाही फुटला होता.

तिने ज्यांना विचारलं ते म्हातारे भन्ते मात्र हसले. तिची भाषा त्यांना थोडी येत होती. “रुसलो नाही, बाळ. आम्ही आपल्या हाताने उचलून खात नाही. कुणीतरी द्यावं लागतं. आणि बारा वाजले की उद्यापर्यंत जेवण नाही.”

घड्याळात बाराला पंचवीस कमी.

“अहो, मग सांगायचं ना!”

“मागायचं नसतं. तू विचारलंस, म्हणून सांगितलं.”

“बाबा, मीठ बरोबर आहे!” ती किंचाळलीच. “पातेली इकडे आणा!”

भाषा कुणाला कळली नसेल, घड्याळ सगळ्यांना कळलं. एका धिप्पाड तांबड्या भिक्षूने हातातला घास ताटात ठेवला आणि भाताचं पातेलंच उचललं. बघता बघता रांग लागली. तांबडा, करडी, तांबडा, करडी. टोकाला ती आणि दाराआडून ओढून आणलेल्या मैत्रिणी. ती घाईघाईने एका हाताने वाढायला गेली, तशी एका करड्या आजींनी तिचा दुसरा हातही धरून पुढे केला. असं.

बाराला पाच कमी असताना भन्तेंचं पात्र रिकामं झालं. धिप्पाड भिक्षू तेव्हा कुठे आपल्या गार ताटाकडे वळला. बाबा मटकन खुर्चीत बसले.

ती त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आई, बाबा, ऐका. उद्या कुणीच उठून घ्यायचं नाही. भगवे, तांबडे, करडे, सगळ्यांना आम्ही देणार. अकरा वाजता. आणि मग तुम्ही दोघं बसायचं. तुम्हालाही हातात मिळेल.”