दुसरी वाटी

ऋतुजापुढे पाटावर दोन वाट्या पालथ्या ठेवल्या होत्या. पूर्वी डोहाळजेवणात एकीखाली पेढा आणि दुसरीखाली बर्फी असे. आता बर्फीच्या जागी प्लॅस्टिकच्या झाकणाचा तुकडा ठेवत.

"दोन पिढ्यांनी गरम आमटी पिशव्यांतून आणून खाल्ली," शेजारच्या विजूमावशी म्हणाल्या, "आता पोटातली बाळंच प्लॅस्टिक मागतात. मग जन्मल्यावर दुधाला तोंड लावत नाहीत."

सुनेला दिवस गेल्याचं कळताच कुंदाताईंनी घरातलं सगळं प्लॅस्टिक पोत्यात भरून माळ्यावर टाकलं होतं. तरी तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं.

ऋतुजाने डावी वाटी उचलली. पेढा निघाला. बायकांचा जीव भांड्यात पडला.

सगळ्या गेल्यावर कुंदाताई तो तुकडा टाकून द्यायला आल्या. पेढा तसाच पडला होता. त्यांनी दुसरी वाटी उचलली, तर खाली काहीच नव्हतं.

आत ऋतुजा कितीतरी दिवसांनी गाढ झोपली होती. गालांवर रंग आला होता.

कुंदाताईंनी दारातूनच तिच्याकडे पाहिलं. डोहाळे अपुरे ठेवू नयेत, असं त्यांच्या सासूबाई म्हणायच्या.

त्यांनी स्टूल ओढलं आणि माळ्यावरचं पोतं खाली काढलं.