बाळंतीण

पारगावच्या फडात ऊस तोडताना बिबट्याची पिल्लं सापडली आणि तोडणी जागच्या जागी थांबली. वनरक्षकाने पिल्लं अलगद पाचटावर ठेवून सगळ्यांना बांधाबाहेर काढलं.

"मादी पिल्लं घेऊन जाईपर्यंत इकडं कुणी फिरकायचं न्हाई. बाळंतीण हाय ती, लई चवताळंल."

"बरोबर हाय, साहेब," मुकादम म्हणाला. "शेवटी आई ती."

उर्मिलाला हायसं वाटलं. तिला बाळंत होऊन आठवडाही झाला नव्हता. कोयता उचलला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. झोळीतलं लेकरू काढून तिने पदराखाली घेतलं, तोच मुकादमाची हाक आली, "चला, वढ्यापल्याडचा फड धरा. सांजच्या आत गाडी भरली पायजे."

"दादा, मीबी बाळंतीण हाय," ती हळूच म्हणाली. "मलाबी दोन दिस बसू द्या की."

मुकादम रागावला नाही. थोरल्या भावाच्या मायेने त्याने तिची समजूत घातली, "बाई, ते जनावर हाय, त्याला सांगून कळत न्हाई. तू तर माणूस हायेस."