बाबांचा राग

पोस्टातून निवृत्त झाल्यावर बाबा ध्यानाला बसू लागले आणि त्यांचं चिडणं खरोखरच थांबलं. शेजारीपाजारी त्यांच्याकडे सल्ला मागायला येऊ लागले. एका दुपारी लेक सासरहून एकटीच आली. तिने गळ्याभोवतीचा स्कार्फ सोडला, तेव्हा मानेवर उमटलेली बोटं बघून आईने बाबांचा खांदा हलवला. "अहो, उठा. आत्ताच्या आत्ता जाऊन जावयाला जाब विचारा." बाबांनी डोळे मिटून सावकाश श्वास घेतला. "मला राग आलाय, तो मला दिसतोय. रागाच्या भरात काही करू नये. तो ओसरू दे, मग बघू." "ओसरल्यावर तुम्ही आजवर काय केलंत?" आईने विचारलं. बाबांनी आणखी एक सावकाश श्वास घेतला. लेकीने स्कार्फ पुन्हा गुंडाळला. "मला वाटलं होतं, बाबा आहेत," एवढंच ती आईला म्हणाली. "मी मैत्रिणीकडे जाते. पोलिसांत तीच येईल माझ्याबरोबर." "मीही येते," म्हणत आईने चपला पायात सरकवल्या. दोघींची पावलं जिना उतरून गेली. बाबा जागेवरच बसून होते. आता त्यांनी खरोखर आत पाहिलं. तिथे राग नव्हताच. जावयाच्या दणकट हातांची भीती होती. आणि त्या भीतीच्याही तळाशी, आता आपल्याला कुठेच जावं लागणार नाही म्हणून, हायसं वाटत होतं.