गुलाबी दाणे

ओतिलियानं यारेलीच्या हातावर फाडकन चापट मारली. मुठीतले मक्याचे दाणे वाफ्यात उडाले. आठ वर्षांची यारेली क्षणभर नुसती बघत राहिली, मग तिनं भोकाड पसरलं.

"थुंक! आधी थुंक!" ओतिलिया ओरडली. तिनं पोरीला बखोटीला धरून नळाखाली वाकवलं आणि अ‍ॅप्रनच्या टोकानं तिचे ओठ खसाखसा पुसले. ओठ गुलाबी झाले होते. ओल्या बोटांनी दाणा चोळला की रंग सुटतो, हे मुलींना आजच कळलं होतं. तिघीजणींनी लिपस्टिक लावली होती. एकीनं दहाही नखं रंगवली होती.

ओतिलिया शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची. दुपारचं खरकटं कंपोस्टच्या पिंपात टाकायला ती यायची, बागेशी तिचा संबंध तेवढाच. पण आज तिनं दाण्यांचे चारही वाडगे पोरांच्या हातातून हिसकावून बादलीत उपडे केले.

"अहो, मका आहे तो! नुसता मका!" कोरीनबाई धावत आल्या.

"सगळ्यांनी हात धुवा. साबणानं. बाई, तुम्हीसुद्धा."

तिसरीतली चोवीस मुलं भेदरून नळाशी रांगेत उभी राहिली.

बाग कोरीनबाईंनी उभी केली होती. गावाच्या तिन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीची शेतं. मुलांचे आईबाप त्याच शेतांत राबायचे आणि संध्याकाळी कपड्यांना फवारणीचा वास घेऊन घरी यायचे. म्हणून शाळेच्या बागेत सगळं सेंद्रियच, हा बाईंचा हट्ट. पहिल्याच पालकसभेत त्यांनी सांगितलं होतं, "या मातीत औषधाचा एक थेंब पडणार नाही." बियाणं बाई ऑरेगॉन राज्यातल्या एका सहकारी संस्थेकडून मागवायच्या. यंदा ते पार्सल रखडलं. पेरणीचा दिवस ठरलेला, मुलांनी वाफे करून ठेवलेले. मग एका मुलाच्या आजोबांनी शेडमध्ये पडलेलं मक्याचं अर्धं पोतं आणून दिलं आणि बाईंनी ते ठेवून घेतलं.

अर्ध्या तासात यारेलीची आई ग्रिसेल्दा शेतातून तशीच, चिखलाच्या बुटांनिशी, मुख्याध्यापकांच्या खोलीत आली.

"माझ्या पोरीला हात लावणारी ही कोण? मी नाही मारत तिला, आणि भांडीवाली मारते?"

मुख्याध्यापक टिलटसन सरांनी तक्रारीचा कागद पुढे ओढला. मुलावर हात उचलला की नोकरी जाते, हा नियम ओतिलियानं सही करून मान्य केला होता. ती खुर्चीच्या कडेला बसली होती. अ‍ॅप्रन अजून ओलाच होता.

"तुम्हाला काही सांगायचंय?" सरांनी विचारलं.

"पोतं बघा," ती म्हणाली.

"मी मारण्याबद्दल विचारतोय."

"आधी पोतं बघा, सर. मग मला काढा."

सरांनी कोरीनबाईंकडे पाहिलं. बाई काहीशा चिडूनच उठल्या, अवजारांच्या खोलीत गेल्या. कोपऱ्यात पोतं होतं. काल त्यांनी ते उघडलं तेव्हा दाण्यांचा रंग त्यांनाही छान वाटला होता. मुलांना आवडेल, एवढंच मनात आलं होतं. आता त्यांनी पोतं उलटं केलं. शिवणीपाशी बारीक अक्षरांची चिठ्ठी होती. ती त्यांनी उभ्या उभ्या वाचली, मग पुन्हा एकदा वाचली.

परत यायला त्यांना वेळ लागला. पोतं त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवलं.

"बियाण्याला विषारी औषध लावलंय," त्या म्हणाल्या. "माणसांनी, जनावरांनी खायचं नाही. हातमोजे घालूनच हाताळायचं. तो रंगही मुद्दाम देतात, लोकांनी चुकून खाऊ नये म्हणून." त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "पोतं मी घेतलं. वाडग्यांत मी काढलं. चिठ्ठी वाचली नाही. चूक माझी आहे, हिची नाही."

ग्रिसेल्दानं शेजारी उभ्या असलेल्या लेकीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. सर फोनकडे वळले. विषबाधेच्या हेल्पलाइनवरच्या बाईनं पोतं कोणतं, किती मुलं, किती वेळ, सगळं नीट विचारून घेतलं. लगेच धुतलंय ना, मग बहुधा काही होणार नाही, ती म्हणाली. रात्रीपर्यंत लक्ष ठेवा. कुणी गिळलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

यारेलीनं काही गिळलं नव्हतं. तोंडात टाकणारच होती, तिनंच सांगितलं. गोड लागतो का बघायचं होतं.

ग्रिसेल्दा ओतिलियाशेजारच्या खुर्चीत बसली आणि तिनं तिचा हात हातात घेतला. सरांनी कागदाचे चार तुकडे केले. पण बावीस वर्षं शाळा चालवलेला माणूस तो, विचारल्याशिवाय राहवेना.

"ओतिलिया, तुम्ही पोरांना वाचवलंत. तरी पण एक सांगा. हात कशाला उचलायचा? तोंडानं सांगता आलं नसतं?"

ओतिलिया भांडी राहिली आहेत म्हणून उठली होती. ती दारात थांबली.

"आमच्या गावातही पेरणीला असंच रंगवलेलं बियाणं यायचं, सर. त्या वर्षी घरात दुसरं काही खायला नव्हतं. आईनं तोंडानंच सांगितलं होतं, हे खाऊ नका म्हणून. जवळ घेऊन, दोनदा सांगितलं. आम्ही तिघी बहिणी होतो. ऐकलं मी एकटीनं."