हवेचा नकाशा
उपग्रहाच्या छायाचित्रांवरून तिने शहराच्या हवेतल्या धूलिकणांचा नकाशा बनवला होता. सर्वांत लालभडक डाग मावशीच्या वस्तीवर होता. आई गेल्यावर तिला वाढवणारी मावशी तिथेच खोकत दिवस काढत होती. आता तरी काहीतरी होईल म्हणून तिने नकाशा महापालिकेच्या साहेबांपुढे पसरला. साहेबांनी चहात बुडवलेलं बिस्कीट तोंडात कोंबून ओलं बोट लाल डागावर टेकवलं. "छान! कचरा जाळायची भट्टी इथेच टाकू." "साहेब, तिथे आधीच श्वास घेता येत नाही!" "म्हणून तर! काळ्या कपड्यावर आणखी एक डाग कुणाला दिसतोय?" केबिनमधले सगळे हसले. नकाशा गुंडाळून तिने तडक मावशीचं घर गाठलं, सगळं सांगितलं. मावशी खिडकीबाहेर थुंकली. थुंकी काळी होती. चपला घालत ती म्हणाली, "चल, कुठे बसतो तो मेला? पुढची त्याच्या टेबलावर."