हलकी बटणं

बायकोने मोबाइल पुढे धरला. "हे गेमचं तयार मशीन बघ. आठ दिवसांत घरी येईल. ताईंना लगेच खेळता येईल."

"त्याची बटणं कडक असतात," मी म्हणालो. "मीच बनवतो."

शाळेत असताना व्हिडिओ गेम पार्लरमध्ये माझी ताई गल्लीतल्या सगळ्या पोरांना रडवायची. आता आजारपणात तिच्या बोटांतली ताकद महिन्यागणिक जात होती.

मी प्लाय कापला, रंग दिला, छोट्या कॉम्प्युटरवर जुने गेम चढवले. तिची बोटं आणखी ढिली पडली की बटणांच्या स्प्रिंगा आणखी हलक्या करायचो. सात महिने गेले.

मशीन सुरू झालं. तिचा हात उचलून मी लाल बटणावर ठेवला. पडद्यावर गोळी सुटली नाही.

ताई बटणाकडे बघत राहिली.

"तेव्हा कडकसुद्धा दाबता आली असती रे."