बटणाचं नाव

अंधांच्या संस्थेसाठी सॉफ्टवेअर निवडता निवडता सचिवताईंच्या नाकी नऊ आले होते. आजही कंपनीचा माणूस पडद्यावरचे रंग दाखवत होता, डोळस समिती माना डोलावत होती. ज्यांना ते रोज वापरायचं होतं, ते संस्थेचा टेलिफोन सांभाळणारे अंध काका इअरफोन लावून ऐकत होते. “काका, कसं वाटलं?” ताईंनी विचारलं. काकांनी इअरफोनची पिनच उपटली. पडदा वाचणारा आवाज खोलीभर घुमला, “बटण. बटण. बटण.” “या बटणांना नावं कधी देणार?” काकांनी विचारलं. “वर कळवतो,” माणूस म्हणाला. ताईंनी उसासा टाकून ओपन सोर्सवालं उघडलं. तिथेही “बटण. बटण.” अध्यक्ष हसले. “फुकटचंही तेच म्हणतंय की!” “पण याचा कोड खुला आहे, याच्या आत आपल्याला हात घालता येतो,” ताई म्हणाल्या. बाकीचे चहाला गेले. ताईंनी दमल्या बोटांनी पहिल्या बटणाला नाव दिलं. “शोधा,” आवाज म्हणाला. “सापडलं,” काका म्हणाले.